शनिवारी चार वाजता

“माझा फोन कुठं दिसला काय ओ बाई?”

हुपरीकर सर खाटेखाली डोकं घालून विचारत होते. शनिवारची सकाळ, साडेसहा. पाठीला सॅक, डोक्याला माकडटोपी आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. तिथल्या जंगलातल्या मुंग्या पँटमधून वर चढतात असं कुणीतरी सांगितल्यापासून सर निघताना पायांची अशी पुडी बांधत. माकडटोपीचं कारण मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ माकडटोपी घालणारा तो एकटाच माणूस असावा.

“मी चार्जिंगला लावलाय, वर्गात,” मी दारातून म्हणाले. “पण रात्री लाइट गेली होती. राहू द्या आता. जंगलात कुठलं आलंय नेटवर्क?”

“आणि उद्या रविवार. मंडळी फोनची वाट बघणार की.”

“उद्या दुपारी परत येतोच आहोत.”

“हां, ते बी खरं.” गुडघ्यावर हात देऊन ते उठले. “चला. एकदाचं बघून येऊ तिचं ते झाड.”

लाइट गेली नव्हती. फोन पुरता चार्ज होता, आणि मी तो बंद करून माझ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागं ठेवला होता. खणाला कुलूप लावलं होतं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. सर आता नाहीत. असते तर मी हे लिहिलं नसतं.

मी तेव्हा पंचेचाळीसची होते. विट्याला माझा शिवणक्लास होता. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं, क्लास टिकला. हाताला कसब असलेली माणसं तीन-तीन महिन्यांसाठी आफ्रिकेत पाठवणारी एक संस्था होती. पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं. माझं इंग्रजी कटिंगच्या पुस्तकांतून आपलं आपण शिकलेलं, त्यामुळं मापं पक्की आणि व्याकरण ठिकठिकाणी उसवलेलं. तरी मी अर्ज केला आणि टांझानियातल्या एका डोंगरपायथ्याच्या गावी बायकांना शिवण शिकवायला जाऊन पोचले. हुपरीकर सर कोल्हापूरचे. आयटीआयमधून निवृत्त झालेले, वय सहासष्ट, हृदयाचं बायपास झालेलं. ते हातपंप दुरुस्त करायला शिकवायचे. सगळ्यांशी कोल्हापुरीतच बोलायचे, पंपांशीसुद्धा. माणसांनाही कळायचं आणि पंपही ऐकायचे.

सोमवार ते शुक्रवार काम, मग दोन दिवस आपले. संस्थेतली गोरी पोरं समुद्रावर जात. आम्ही दोघं दर शनिवारी काहीतरी बघायला निघायचो. वटवाघळांची गुहा बघितली. खारफुटीत होडी घालून खेकडे बघितले. एका धबधब्याखाली सरांनी पंचा लावून “हर हर गंगे” केलं, तेव्हा काठावरच्या बायका पदराआड हसल्या आणि मग त्यांनीही केलं. रविवारी दुपारी सर बायकोला फोन करून सगळं सविस्तर सांगत. इतक्या मोठ्यानं, की फोन नसता तरी कोल्हापूरला ऐकू गेलं असतं. शेवटी पलीकडून एकच प्रश्न यायचा, तो मला सरांच्या उत्तरावरून कळायचा.

“नाही बघितलं अजून. बघतो म्हटलं की!”

मालनवहिनींनी कोल्हापूरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आफ्रिकन व्हायोलेटची रोपं लावली होती. कान तुटलेल्या कपांत, चांगली तीस-बत्तीस. ही झाडं मूळची याच डोंगरातली, खडकावर आपोआप उगवतात, असं त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचलं होतं. संस्थेचं पत्र आलं तेव्हा त्या सरांना म्हणाल्या होत्या, “जावा तीन महिने. तुम्ही घरात बसलात की मला कामं सुचत नाहीत. आणि जाताय तर माझ्या झाडाचं माहेर तेवढं बघून या.”

अकराव्या आठवड्यात हातिबू नावाचा जंगलराखा तो खडक दाखवायला तयार झाला. शनिवारी जायचं, जंगलातल्या विश्रामगृहात राहायचं, रविवारी दुपारी परत. सर आठवडाभर त्याच आनंदात होते.

आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या फोनवर त्यांच्या मुलाचा, संजीवचा फोन आला.

“काकू, बाबा जवळ आहेत का?”

“नाही, अंघोळीला गेलेत. का रे?”

“आईला काल ॲडमिट केलंय. बाबांना एकदम सांगू नका हं. त्यांचं बायपास झालंय. तुम्ही जरा कलाकलानं सांगा आणि त्यांना घेऊन या. तिकिटाचं मी बघतो.”

“जास्त आहे का?”

मग तो रडायला लागला. “काकू, तुम्ही... तुम्ही त्यांना घेऊन या फक्त.” आणि फोन कट झाला. तासाभरानं मेसेज आला: रविवारी रात्रीचं विमान. त्याआधीचं एकही मिळत नाही.

मी समजले.

आमच्याकडं असंच कळवतात. मी एकोणतीसची असताना शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला होता, ‘दादांना मिरजेला दवाखान्यात ठेवलंय, ये.’ मी मऊ भाताचा डबा केला, त्यांचा स्वेटर घेतला आणि एसटीत बसले. डबा सांडू नये म्हणून सगळा रस्ता मांडीवर धरून बसले होते. घराच्या वळणावर आले आणि दारातला चपलांचा ढीग दिसला. वडील आदल्या दिवशीच गेले होते. लोकांना वाटलं मी रागावेन. मी नाही रागावले. उलट मला वाटलं, सगळ्या भावंडांत मला बाप अर्धा दिवस जास्त मिळाला.

म्हणून मी ठरवलं, की सरांना बायको दोन दिवस जास्त मिळू द्यायची. विमान रविवारी रात्रीच होतं. आधी सांगून काय, तर हा माणूस दोन दिवस परक्या मुलखातल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडणार. त्यापेक्षा त्याला त्याचं झाड बघू दे. रविवारी दुपारी परत आलो की सांगू, सामान बांधू, निघू.

संस्थेच्या केंद्राची प्रमुख मामा एस्टर म्हणून होती; तिकडं मोठ्या बाईला मामा म्हणतात. साठीची, भक्कम. विमानतळाच्या बसची सोय करायला तिला सांगणं भाग होतं.

“मुलगा म्हणाला, आई वारली म्हणून?” तिनं विचारलं.

“नाही. दवाखान्यात आहे म्हणाला.”

“मग वारली कशावरून?”

“आमच्यात असंच सांगतात. लांबच्या माणसाला एकदम सांगत नाहीत.”

मामा एस्टर विचारात पडली. “आणि खरंच कुणी दवाखान्यात असलं, तर काय सांगता?”

“तेव्हाही हेच.”

“मग तुम्हाला फरक कळतो कसा?”

“आवाजावरून,” मी म्हणाले. “तो रडत होता.”

“लोक जिवंत माणसासाठीही रडतात,” ती म्हणाली. “परत फोन कर आणि विचार.”

मी नाही केला. पोराची आई गेलेली, त्याला परत कशाला तोंडानं म्हणायला लावायचं? मला ते कसंसंच वाटलं. मामा एस्टरनं मान हलवली. “आमच्यात असं काही झालं की सगळे जाऊन त्या माणसाजवळ बसतात. तू त्याला डोंगरावर घेऊन चाललीस.”

“मी बसणारच आहे त्यांच्याजवळ,” मी म्हणाले. “डोंगरावर.”

तर असे आम्ही निघालो. मी माझाही फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला होता. संजीव किंवा कुणी नातेवाईक मधेच सांत्वनाला फोन करेल आणि सगळं उघडं पडेल, ही भीती. छोट्या बसनं चहाच्या मळ्यांपर्यंत, तिथून पायी. हातिबू पुढं कोयत्यानं वेली तोडत, मधे सर, मागं मी. पाठीवर पांढरी शाल घेतल्यासारखी काळी माकडं वरून आमच्याकडं बघत होती. एका फांदीवर हातिबूनं सरडा दाखवला, तो आमच्यादेखत हिरव्याचा तपकिरी झाला.

“आमच्या वॉर्डाचा मेंबर!” सर ओरडले आणि एकटेच हसले. हातिबूला काही कळलं नाही, पण सर हसले म्हणून तोही हसला.

दर पंधरा मिनिटांनी मी म्हणत होते, “सर, बसा जरा.”

“काय ओ, सारखं बसा बसा? मी काय लग्नाला आलोय?”

पण चढावर एकदा ते बसले आणि बोलत राहिले. “चाळीस वर्षांत मालननं मला एकदाही ‘तुमचं बरोबर आहे’ म्हटलं नाही, बाई. एकदाही. बायपासच्या वेळी आत नेत होते. म्हटलं, मालन, आता तरी म्हण. परत आलो न आलो. तर म्हणते, परत आल्यावर बघू.”

“मग? आल्यावर?”

“आल्यावर म्हणाली, शुद्धीत या आधी.” ते खूप हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “बाई, तुम्ही का रडताय ओ? विनोद आहे हा.”

“घाम आहे, सर.”

“बघा बरं. बायपास माझं आणि धाप तुम्हाला.”

खडक ओढ्याच्या वरच्या अंगाला होता, झाडांच्या दाट सावलीत. वरून पाणी झिरपत होतं. हातिबू थांबला आणि त्यानं काही न बोलता नुसता कोयता पुढं केला. आधी मला काही दिसलंच नाही. शेवाळ दिसलं, नेचे दिसले. मग त्या ओल्या भेगांतून लहान लहान लवदार पानं दिसली आणि त्यांच्यावर जांभळी फुलं. खिडकीतल्या कपांत असतात त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. मधे पिवळे दोन ठिपके.

सरांनी माकडटोपी काढली. देवळात आल्यासारखे ते उभे राहिले, मग खाली बसले, मग हातांवर रेलून अगदी जवळ गेले. हात लावला नाही.

“एवढंसं?” ते म्हणाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “माती नाही की ओ हितं. नुसता दगड. आणि ती तिकडं चमच्यानं पाणी घालतीया. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. मला घालू देत नाही, म्हणते तुमचा चमचा मोठा असतो.”

“एखादं फूल घ्यायचं का?” मी विचारलं.

“छे छे. तोडायचं नाही म्हणून बजावलंय तिनं. नुसतं बघून यायचं.” त्यांनी बोटाच्या पेरानं लांबूनच एका पानाचं माप घेतलं. “दीड पेर. सांगायला पाहिजे.” आणि एकदम उठले. “बाई, आत्ता फोन लावायला पाहिजे.”

“इथं नेटवर्क—”

सरांनी कानाशी हात नेऊन हातिबूकडं बघितलं. त्याला लगेच कळलं. त्यानं झाडांमधून दिसणारा एक उंचवटा दाखवला. दहा मिनिटं, तिथं रेंज येते.

“चला! तुमचा फोन द्या बाई.”

“माझी बॅटरी संपलीय, सर.”

“बंद करा आणि चालू करा. एवढं एक मिनिट मिळतंय.”

“नाही हो. पुरती संपलीय.”

हातिबूनं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि सरांपुढं धरला. सरांचा हात त्या फोनवर गेलाही.

मला थोडीफार स्वाहिली येत होती, क्लासमधल्या बायकांकडून शिकलेली. मशीन बंद पडलं की त्या म्हणायच्या, मेलं. तेवढा शब्द मला पक्का ठाऊक होता. मी हातिबूला म्हणाले, “म्के वाके अमेकुफा.” याची बायको मेली. मग मोडकंतोडकं पुढचं: याला ठाऊक नाही. फोन देऊ नकोस.

हातिबूनं फोन मागं घेतला. डोक्यावरची टोपी काढली, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “पोले, म्झे. पोले साना.”

म्झे म्हणजे वडीलधारा, साना म्हणजे फार. आणि ‘पोले’ हा तिथला सगळ्या दुःखांवरचा एकच शब्द. ठेच लागली तरी पोले, माणूस गेला तरी पोले.

“काय म्हणतोय?” सरांनी मला विचारलं.

“वाईट वाटतंय म्हणतो. त्याच्या फोनवरून परदेशी लागत नाही.”

“अरे, त्यात काय एवढं वाईट वाटून घ्यायचं!” सरांनीच उलट हातिबूची पाठ थोपटली. “सज्जन आहे बिचारा. राहू दे, उद्या दुपारी करू. पळून थोडीच जाणाराय ती!”

मी घड्याळात बघितलं. का बघितलं, ठाऊक नाही. चार वाजले होते. म्हणजे कोल्हापुरात साडेसहा.

विश्रामगृहात सर दोन प्लेट राजमा-भात जेवले आणि लवकर झोपले. सकाळी पुन्हा एकदा खडकापाशी जाऊन आले, एकटेच. मग आम्ही उतरलो.

रविवारी दुपारी एकला केंद्रावर पोचलो तेव्हा मामा एस्टर पायरीवर बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. सर नळावर पाय धुवायला गेले आणि तिनं मला शिवणवर्गात बोलावलं.

“तुझा फोन बंद. त्याचा फोन बंद,” ती म्हणाली. “काल त्याच्या मुलानं मला नऊ वेळा फोन केला.”

मला वाटलं, पुढच्या विधींचं काही विचारायचं असेल.

“ती काल जिवंत होती,” मामा एस्टर म्हणाली.

मी वर्गाचं दार लोटून घेतलं.

“बोलत होती. नवऱ्याला द्या म्हणतेय, असं मुलगा म्हणाला. मुलाला वाटलं, एव्हाना तुम्ही दोघं माझ्यापाशी आलात. त्यानं फोन तिच्या हातात दिला आणि ती माझ्याशी बोलायला लागली, तुमच्या भाषेत. बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी काय करणार? मी नुसतं हो, हो म्हणत राहिले.”

“कधी?” मी विचारलं.

“चार वाजले असतील. तुला शोधायला मी माणूस पाठवला, तो मळ्यापर्यंत जाऊन परत आला.” तिनं माझ्याकडं बघितलं नाही. “आज पहाटे गेली.”

मी नळावर गेले. सर मोजे पिळत होते. कलाकलानं सांगण्याची सगळी वाक्यं मी दोन दिवस मनात शिवून ठेवली होती, त्यातलं एकही उपयोगाचं उरलं नव्हतं.

“सर, मालनवहिनी गेल्या.”

त्यांनी हातातला मोजा पुरता पिळला. दांडीवर नीट पसरून घातला. “कधी?”

तिथं मी ‘शुक्रवारी’ म्हणू शकले असते. तसं तोंडात आलंही होतं.

“आज पहाटे.”

“आज.” ते कठड्यावर बसले. “आणि आजारी?”

“गुरुवारपासून. संजीवचा मला शुक्रवारी फोन आला होता. तुम्हाला एकदम सांगू नका म्हणाला. मला वाटलं... मला वाटलं त्या गेल्याच. म्हणून मी...” मी सगळं सांगितलं. खण, कुलूप, बॅटरी, सगळं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर काहीतरी गाळलं असतं.

“हातिबूला काय सांगितलंत?”

“गेल्या म्हणून.”

“चार वाजता.”

“हो.”

“होती की ओ ती तेव्हा,” सर म्हणाले. हळूच. एखाद्याची साधी चूक दाखवावी तसं.

मग त्यांनी हात पुढं केला. “फोन द्या माझा.”

मी खण उघडून फोन आणून दिला. त्यांनी तो चालू केला. एकामागून एक संदेश येऊन पडत राहिले, फोन हातात नुसता थरथरत होता. सरांनी एकही उघडला नाही. फोन खिशात घातला आणि सामान बांधायला गेले.

विमानतळापर्यंत सहा तासांची बस. मी सोबत गेले, तेवढं तरी त्यांनी येऊ दिलं. सगळ्या रस्त्यात ते दोनदा बोलले. एकदा “पाणी आहे काय?” आणि एकदा “खिडकी लावू नका.” विमानतळाच्या दाराबाहेर आम्ही रांगेत उभे असताना संजीवचा फोन आला. त्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

“बाबा, काकूंनी तुम्हाला सांगितलं कधी?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता मला जे मिळायचं ते मिळेल, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

“शुक्रवारीच सांगितलं त्यांनी,” सर म्हणाले. “लगेच. त्यांच्याकडून काही राहिलं नाही... मीच नाही केला फोन... नाही झाला धीर... होय, ठाऊक होतं... डोंगरात गेलो होतो... होय. फिरायला.”

पलीकडून फोन ठेवला गेला. सरांनी आपला खिशात घातला.

“सर, असं कशाला सांगितलंत?”

“पासपोर्ट वरच्या खिशात ठेवलाय काय मी?” त्यांनी विचारलं. खिसे चाचपले, पासपोर्ट सापडला आणि ते आत गेले.

मी उरलेले दोन आठवडे पुरे करून विट्याला परतले. सरांना दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी क्लाससाठी कापड घ्यायला कोल्हापूरला गेले, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. संजीवनं दार उघडलं. मी नाव सांगताच वाकून नमस्कार केला. सरांनी चहा आणून दिला आणि भांडी विसळायला ते पुन्हा आत गेले.

“काकू, तुम्ही होतात म्हणून बाबा तिथून नीट आले,” संजीव म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, “एक गोष्ट मात्र मला जन्मात समजायची नाही. आई तिथं ‘ह्यांना लावा, ह्यांना लावा’ करत होती. आणि हा माणूस सगळं ठाऊक असून डोंगरात फिरायला गेला! आम्ही राहतो एका घरात, काकू. पण ते जेवून उठले की मग मी बसतो.”

मी कप खाली ठेवला. “संजीव, ऐक. त्या दिवशी—”

“बाई, एसटी पाचची ना तुमची?” सर आतून बाहेर आले. हात पंच्याला पुसत होते. “चला, सोडतो स्टँडवर. गर्दी होतीया.”

रस्त्यात मी म्हणाले, “सर, मी त्याला सांगणार. आजच फोन करून सांगणार.”

“नका.”

“त्यानं तुमच्याशी असं वागायचं आणि मी विट्यात सुखानं—”

“त्याला कुणावर तरी रागवायला पाहिजेच की, बाई. माझ्यावर रागावतोय तर संध्याकाळी घरी तरी येतोय. तुमच्यावर रागावला तर एक दिवस मला विचारणार, बाबा, तुमचं काय म्हणणं आहे? मग मला सांगावं लागणार.”

“काय?”

सर चालत राहिले. स्टँडचं फाटक आलं तेव्हा बोलले.

“की माझा बी आहे राग. तुमच्यावर.”

मी फाटकाशीच थांबले.

“लई प्रयत्न केला ओ मी. बाई वाईट नाही, चांगल्यासाठीच केलं तिनं, सगळं स्वतःला सांगून बघितलं. सकाळी उठलो की राग असतोय तिथंच. ती त्या परक्या बाईला काय काय बोलली असेल, हे मला आता कधीच कळणार नाही. संजीव खोलीच्या बाहेर रडत उभा होता, त्यानं बी ऐकलं नाही.”

“मग विमानतळावर माझ्यासाठी खोटं का बोललात?”

“तुम्ही तिथं एकट्याच मागं राहणार होता,” ते म्हणाले. “तेव्हा कुठं सांगत बसू?”

विट्याची गाडी लागली. लोक दाराकडं धावले. सरांनी खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला आणि माझी जागा धरली. मी गर्दीतून वाट काढत आत गेले, बसले, रुमाल घडी करून त्यांना खिडकीतून परत दिला. त्यांनी तो खिशात ठेवला.

“येते, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ‘या’ म्हणाले नाहीत. पण गाडी सुटेपर्यंत उभे राहिले.